सुलक्षणाच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या

परदेशातले डॉक्टर आपल्या सुनेसाठी दिल्लीला तारा करताहेत, असं मालनला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता. तार म्हणजे कोणी तरी गेल्याची, नाहीतर गावाकडे कुणाला मुलगा झाल्याची. चालत्याबोलत्या सुनेसाठी कुणी तार करतं?

पण तारा होत होत्या. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर मालनची पत्र्याची खोली. तिथं नळाला पाणी आलं की लग्नघरासारखी धावपळ व्हायची, आणि पत्र यायचं ते गणपतीला कोण कोण येणार हे विचारायला, गावाहून. त्या खोलीच्या पत्त्यावर आता हॉलंडहून कार्डं येत होती. पुढच्या बाजूला पवनचक्की, नाहीतर ट्युलिपची फुलं, आणि मागे चार ओळी इंग्रजी. पोस्टमन दादू धापा टाकत डोंगर चढायचा आणि कार्ड हातात देण्याआधी स्वतः दोन्ही बाजूंनी बघून घ्यायचा.

"मावशी, सूनबाई फार मोठ्या झाल्या हां," तो म्हणायचा.

"मोठा होवन काय करूचा असा? घराक येवक व्हयी ती," मालन कार्ड घेऊन आत जायची.

तिला एवढंच हवं होतं. सून एकदा डोळ्यांनी दिसावी, आणि मग घरी यावी. पोलिसांनी नेल्यापासून भेटीचे सगळे अर्ज परत आले होते, आणि सुलक्षणा नेमकी कुठल्या तुरुंगात आहे, हेसुद्धा कुणी धड सांगत नव्हतं.

सुलक्षणा साताऱ्याकडची. नंदूनं ती पसंत केली तेव्हा "कोकणातल्या पोरी काय समुद्रान खाल्ल्यान?" म्हणून मालननं घर डोक्यावर घेतलं होतं. पुढं वर्षभरात अशी कळा पालटली की सुनेच्या हातचा चहा घेतल्याशिवाय सासूची सकाळ होईना, आणि नवराबायकोचं वाजलं तर सासू बेधडक सुनेच्या बाजूनं बोलायला लागली. नंदू बिचारा मरोळच्या एका कारखान्यात टर्नर. तिथं मशीन बोलायचं आणि घरी या दोघी. त्याला बोलायला जागाच नव्हती.

सुलक्षणा डोंगराच्या पायथ्याशी डॉक्टर चंद्रप्रकाशांच्या दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर फी मागायची लाज वाटणाऱ्यांपैकी, त्यामुळे दवाखान्यात गर्दी कायम. डोंगराच्या पलीकडे, पवईच्या अंगाला, दगडाच्या खाणी. खडी फोडायची यंत्रं दिवसभर धडधडत आणि त्यांची पांढरी धूळ घरातल्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचायची. अर्धा डोंगर तिथंच कामाला. मालनचे शेजारी भाऊराव त्यातलेच, जालन्याकडून बायको शांताबाई आणि पोरांना घेऊन आलेले. वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खात होते आणि खोकला काही हटत नव्हता.

"टीबी असता तर एका घरात राहणाऱ्या शांताबाईंना नको का लागायला?" सुलक्षणा एकदा जेवताना म्हणाली. "पोरांना नको? जो खाणीत जातो तोच कसा खोकतो?"

तिनं हा प्रश्न डॉक्टरांना विचारला, डॉक्टरांनी खाणीतल्या माणसांच्या छातीचे फोटो काढायला लावले आणि शिकायला परदेशी गेले असतानाच्या एका मित्राकडे ते पाठवले. तिकडून उत्तर आलं की हा टीबी नव्हे, फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे. झालं! सुलक्षणा दारोदार सांगत सुटली की हा रोग देवानं दिलेला नाही, मालकानं दिलाय. दगडावर पाणी मारा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि ज्यांची छाती गेली त्यांना भरपाई द्या. मालक हसले. मग बायका ट्रकच्या रस्त्यावर जाऊन बसल्या, आणि यंत्रं थांबली तेव्हा मालकांचं हसणंही थांबलं.

पोलीस आले त्या सकाळी सुलक्षणाचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. कोर्ट नाही, खटला नाही, हिच्यापासून सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे असा कागद त्यांनी दाखवला. मालननं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा सुनेकडे. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर जी मारू देत नसे, लांब झुडपात नेऊन सोडायला लावायची, तिच्यापासून म्हणे धोका!

नंतर वकिलाकडून कळलं की सुटकेचा कागद तयारच आहे. 'धुळीबद्दल मी जे सांगितलं ते चुकीचं होतं, पुन्हा खाणीच्या वाटेला जाणार नाही', एवढ्याखाली सही केली की लगेच घरी. सुलक्षणा सही करत नव्हती. तिची सही म्हणजे भरपाईचा दावा पाण्यात, आणि भाऊराव पुन्हा टीबीचे पेशंट. नंदू वैतागून म्हणायचा, "करून टाक म्हणावं यार सही! जगाचा ठेका हिनं घेतलाय?" मालन गप्प राहायची. मनातून तीही तेच म्हणत होती. पण दोन खोल्यांमध्ये एकच पत्रा होता आणि पलीकडून भाऊरावांचा खोकला ऐकू यायचा, त्यामुळे तोंडानं म्हणवत नव्हतं.

डॉक्टरांचा परदेशातला मित्र मात्र गप्प बसणाऱ्यातला निघाला नाही. तिकडच्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठराव केला. नर्सा आपल्या मंत्र्यांना जाऊन भेटल्या. स्वीडनच्या खाणकामगारांनी इथल्या सरकारला तारा केल्या, कारण त्यांच्याही बापजाद्यांच्या छातीत तीच धूळ बसली होती. डॉक्टर अधूनमधून डोंगर चढून येत आणि हे सगळं सांगत. मालन त्यांना चहा देई आणि प्रत्येक वेळी विचारी, "मग भेट कधी देणार?" 

डोंगरावर मात्र कथांना ऊत आला. समोरच्या खोलीतल्या प्रेमानं तर छातीठोक सांगितलं की हॉलंडची राणी सुलूला न्यायला विमान पाठवणार आहे. भाऊरावांनी विचारलं की विमान उतरणार कुठं, तर म्हणाली, "त्याची काळजी राणीला."

विमान आलं नाही. आला तो साध्या कपड्यातला एक पोलीस. त्या काळी देशात कुठं काही बिनसलं की त्यामागं परकीय हात असायचा. दूध नासलं तरी लोक चेष्टेनं परकीय हात म्हणायचे. हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्यानं सगळी कार्डं उलटीपालटी करून बघितली आणि ह्यात परकीय हात दिसतोय असं म्हणाला. अधिकाऱ्यांशी बोलताना मालन ठेवणीतली शहरी मराठी काढायची. ती म्हणाली, "साहेब, भाऊरावांच्या छातीत धूळ काय हॉलंडच्या बायकांनी भरली?" त्यानं तेसुद्धा लिहून घेतलं.

त्यानंतर भेटीचा अर्ज परत आला तो 'प्रकरण संवेदनशील' असा शेरा घेऊन. नंदूचं डोकं फिरलं.

"तिकडं ते बोंबलतात आणि इकडं आमची वाट लागते! डॉक्टरांना सांग, बंद करायला लाव हे."

डॉक्टर म्हणाले, "नंदू, मी आज लिहिलं तर ते थांबतील. पण ते थांबले हे सरकारला कळल्यावर सुलक्षणाचं काय होईल, ते मला सांगता येत नाही." मालननं दोघांचं ऐकलं. तिला दोघांचंही पटलं, आणि म्हणून रात्रीचं जेवण गेलं नाही.

मध्यंतरी तिकडच्या लोकांनी सुलक्षणाचा एक फोटो मागितला होता. घरात होता तो लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. तो काय पाठवणार? शेवटी नंदूनं तिच्या नर्सच्या ओळखपत्रासाठी काढलेल्या फोटोची एक प्रत दिली. समोर सरळ बघणारी, न हसणारी सुलक्षणा.

तो फोटो परत आला एका दुपारी. डॉक्टर लिफाफा घेऊन वर आले, खाली पेशंट खोळंबले होते म्हणून उंबऱ्यातूनच म्हणाले, "नंदूला दाखवा. आत कागद आहे, तो वाचून सांगेल तुम्हाला." आणि उतरले. लिफाफा उघडाच होता. संध्याकाळपर्यंत वाट बघण्याइतका धीर मालनजवळ नव्हता. तिनं आतलं चित्र बाहेर काढलं.

कुठला तरी मोठा चौक. सगळीकडे बर्फ. मध्ये माणसाच्या उंचीएवढा सुलक्षणाचा फोटो. त्याच्या पायाशी फुलांचा ढीग. पुढं ओळीनं मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि मागं काळे कोट घातलेल्या गोऱ्या बायका, पुरुष, सगळे खाली माना घालून उभे.

मालन मटकन खाली बसली. आपल्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो ट्रंकेत असतो, पाकिटात असतो, बोटभर. तो मोठा करून घेतात तो एकदाच. तिच्या नवऱ्याचा गिरणीच्या पासावरचा फोटोसुद्धा तो गेल्यावरच मोठा झाला होता, आणि त्याला फुलं वाहून लोक असेच खाली माना घालून उभे राहिले होते.   पण तिच्या डोळ्यांत पाणी काही आलं नाही.

तेवढ्यात प्रेमा चाळण परत करायला आली. तिनं मालनच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि जी किंकाळी फोडली ती थेट खाणीपर्यंत गेली असावी. "सुलू गेली गं! मारली गं माझ्या बाईला!"

पुढचं कुणाच्या हातात राहिलं नाही. घटकाभरात खोलीत, ओट्यावर, गल्लीत माणसंच माणसं. कोकणातल्या बायकांनी गळे काढले. शांताबाई मध्येच म्हणाल्या, "अगं थांबा जरा. आमच्यात बुद्धवंदनेला मेणबत्ती लावत्यात. मेल्यावरच लावायची असं कुठंय?"

"वंदनेला लावतात, खरं आहे," प्रेमा रडता रडता म्हणाली, "पण माना कशाला खाली घातल्या त्यांनी? आणि फुलं?"

 शांताबाईंनी भाऊरावांकडे बघितलं. भाऊरावांनी चित्र हातात घेतलं, बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. ते बघून शांताबाईंनीही पदर तोंडाला लावला. बातमी डोंगर ओलांडून खाणीत गेली. सुलक्षणाला नेल्यावर पोटासाठी पुन्हा कामाला लागलेल्या माणसांनी हातातले घण टाकले आणि यंत्रं दुसऱ्यांदा थांबली.

मालन तशीच बसून होती. बायका एकमेकींना सांगत होत्या, "तिला रडवा गं. अशी कोरडी बसली तर छातीत भरेल तिच्या." कुणी तिला हलवलं, कुणी सुलक्षणाची आठवण काढली. ती रडली नाही.

नंदू कामावरून आला तो गल्लीतली गर्दी बघून पांढराफटक पडूनच. आत आला. चित्र बघितलं. मग त्याला लिफाफ्यातला कागद सापडला. तो दोनदा वाचून झाल्यावर त्यानं मालनला हाताला धरून मोरीशी नेलं.

"आई, ती आहे. काही झालेलं नाही तिला. तिकडं ज्याला सोडवायचं असतं त्याच्या फोटोपुढं असे दिवे लावून उभे राहतात. तिला सोडा म्हणून लिहिलंय इथं, हे बघ." त्याला हसू येत होतं. "थांब, सगळ्यांना सांगतो."

मालननं त्याचं मनगट धरलं. एवढा वेळ मेल्यासारखा पडलेला तिचा हात आता लोखंडासारखा झाला होता.

"सांगू नको."

"म्हणजे?"

"मी ल्हान होतंय तेव्हा माझ्या भावाक कावळो शिवलो, म्हणजे मराणाचा अरिष्ट. आमच्या बापाशीन काय केल्यान? आत्येक सांगान धाडल्यान, पोरगो गेलो म्हणान. आत्या बोंबलत इली, तर दारात भाऊ गोट्ये खेळता. आत्येन बापाशीक गाळी घातल्यान. पण अरिष्ट टळला! जित्या माणसासाठी कोण खरा रडला तर त्याचा मराण पुढे जाता. रडांदेत त्यांका."

"आई, लोकांना फसवणं आहे हे."

"मी खंय खोटा बोल्लंय? मी तोंडसुद्धा उघडूक नाय. तू तो कागद खिशात घाल आणि माका चपला दी."

कावळ्याचं ती मनापासून बोलत होती, यात शंका नको. असलं काही तिनं कधी थट्टेवारी नेलं नव्हतं. पण मोरीशी उभी असताना तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. सून बघायची आहे म्हणून गेलेल्या बाईला पोलीस दहा वेळा परत पाठवू शकतात. मयत मागायला गेलेल्या बाईला कसं पाठवणार?

उन्हं उतरायच्या आत सगळा डोंगर खाली उतरला. डॉक्टर बाहेर गेले होते, दवाखान्याला कुलूप होतं. पुढं मालन, हातात चित्र. मागं बायका. भाऊराव अर्ध्या वाटेत बसले, श्वास गोळा करून उठले, पुन्हा बसले, आणि सगळे पोचल्यावर बऱ्याच वेळानं का होईना पण पोचले. घोषणा कुणी दिल्या नाहीत. रडण्याच्या आवाजानंच रस्त्यावरच्या दुकानदारांनी शटरं अर्ध्यावर ओढली.

पोलीस ठाण्यातले साहेब चांगल्या घरातले, मिशी कोरलेले, देवीचा फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवणारे. मालननं त्या काचेवरच चित्र ठेवलं.

"साहेब, ही माझी सून. परदेशात हिला फुलं वाहिली. आम्हाला इथं कुणी काही सांगितलं नाही. ती गेली असेल तर मयत द्या. जिवंत असेल तर दाखवा."

साहेबांनी चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. इंग्रजी शाळेत शिकले असले तरी तेही इथलेच. मोठा केलेला फोटो, फुलं, दिवे, खाली घातलेल्या माना. त्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. बाई तुरुंगात वारली आणि परदेशाला आपल्याआधी कळलं, असंच त्यांनी धरलं. त्यांनी फोन उचलला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. तिथं परदेशच्या तारांचा गठ्ठा आधीच कुणाच्या तरी टेबलावर बसून होता, त्यामुळे बातमी ऐकून कुणाची हिंमत झाली नाही 'काही नाही हो' म्हणायची. तुरुंगातून 'बाई ठीक आहे' असा निरोप आला, तो साहेबांनी मालनला सांगितला.

"तुम्ही बघितलीत?" मालननं विचारलं.

"नाही, पण मला तसं सांगितलंय..."

"मग मला दाखवा," मालन म्हणाली आणि ठाण्याच्या पायरीवर बसली. तिच्यामागं सगळा डोंगर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली, फक्त मालनसाठी. साहेब स्वतः पुढच्या सीटवर. जीप मुलुंडच्या नाक्याबाहेर पडली, खाडी ओलांडली, आणखी पुढं गेली. साहेब आता बरेच मऊ झाले होते.

"मावशी, सून दिसेलच तुम्हाला. पण नुसती बघून काय करणार? तो कागद आज तिच्यासमोर ठेवलेला असेल. तुमचं ती ऐकेल. सही करायला सांगा, ह्याच जीपमधून तिला घेऊन परत जाऊ. मी शब्द देतो."

मालननं मागच्या सीटकडे बघितलं. तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती.

भेट एका ऑफिसात झाली. टेबलावर कागद आणि पेन, दाराशी एक पोलीसबाई. सुलक्षणा आत आली तेव्हा मालनला क्षणभर ती ओळखूच आली नाही. केस आखूड कापलेले, गालाची हाडं वर आलेली. पण ती चालत आली, आणि तिनं वाकून नमस्कार केला. मालननं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दंड चाचपले. हाडं होती, पण गरम होती.

"मारल्यानी तुका?"

"नाही आई. मारलं नाही कुणी." सुलक्षणा खुर्चीवर बसली. "नुसतं बसवून ठेवतात. रोज एकच सांगतात. खाणीत सगळे कामाला लागले, तुझं नाव आता कुणी काढत नाही, कशाला स्वतःचे हाल करतेस." ती थांबली. "पहिल्यांदा हसायचे मी. आता रात्री वाटतं, खरंच असेल. भाऊराव कसे आहेत?"

"खोकतत."

सुलक्षणानं टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. "आई, थकले मी. करू का सही?"

मालनच्या जिभेवर 'कर' आलेलं होतं. ती म्हणाली असती तर तिला नाव कोणी ठेवलं असतं? नंदू पाया पडला असता. संध्याकाळी त्या चुलीवर दोघींचा चहा झाला असता. जीप बाहेर उभी होती. आणि समोर बसलेली ही पोर, जिला तिनं साताऱ्याची म्हणून नाकारायला बघितलं होतं, तिच्या तोंडाकडे बघत होती. मालन जे म्हणेल ते ती करणार होती, हे तर उघडच दिसत होतं. मालनला तिची फार दया आली.

पण कोणी विचारत नाही हे जे तिच्या मनात भरवलं होतं, ते आधी काढायला हवं होतं. सही करायची तर ते खोटं ऐकून नको.

"सुलू, काल तुझा मयत झाला," मालन म्हणाली.

सुलक्षणा बघतच राहिली. मग मालननं सगळं सांगितलं. बर्फातल्या बायका सांगितल्या, फुलं सांगितली, प्रेमाची किंकाळी सांगितली. शांताबाईची मेणबत्ती सांगितली. भाऊराव अर्ध्या वाटेत दोनदा बसले पण ठाण्यापर्यंत आले, ते सांगितलं. खाण बंद पडली ती आज सकाळीही बंदच आहे, तेही सांगितलं. दाराशी उभी असलेली पोलीसबाई जरा पुढं सरकून ऐकत होती.

"सगळे आले?" सुलक्षणानं विचारलं.

"पांगळ्यासकट."

"माझ्यासाठी रडले?"

"छाती बडवन रडले. ती गोरी माणसा पण. वळख ना पाळख."

सुलक्षणाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, ते तिनं आखूड बाहीला पुसले. तिच्या चेहऱ्यात कुठंतरी जुनी सुलक्षणा परत आली होती. तिनं पुन्हा कागदाकडे बघितलं, मग सासूकडे.

"मग आता मी काय करू, आई?"

मालननं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिला ती घरी हवी होती, आज, आत्ता.

"आमचा रडान झाला तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आता तू सावकाश ये."

सुलक्षणानं कागद सही न करता तसाच टेबलाच्या पलीकडे सरकवला.

बाहेर साहेब जीपला टेकून उभे होते. "केली सही?" त्यांनी विचारलं. मालननं नाही म्हणून मान हलवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. साहेबांनी एक शिवी अर्ध्यावर गिळली आणि दार आपटलं.

खाडीचा पूल येईपर्यंत ती सरळ बसली होती. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर तिचा हात पडला आणि तिला रडू फुटलं. सगळ्यांचं रडून झालं म्हणून सुनेला सांगून आलेल्या त्या बाईनं आदल्या दिवसापासून एक टिपूस काढलं नव्हतं. आता ती पदर तोंडात कोंबून रडत होती, मुलुंडचा नाका गेला तरी रडत होती. साहेबांनी एकदा मागं वळून बघितलं, आणि ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.